पोपटात हिरवं काही नाही

दादर पश्चिमेला छबिलदास गल्लीतल्या ‘आयडियल’ या पुस्तकांच्या दुकानात जा आणि लहान मुलांना रंग शिकवणारं कुठलंही जाड पानांचं पुस्तक उचला. लाल सफरचंद, पिवळं केळं, हिरवा पोपट, जांभळं वांगं. एका पानावर एक चित्र, खाली ठसठशीत अक्षरात एक शब्द. यात मोठ्या माणसाने पाहण्यासारखं काय असणार, असं वाटेल. पुस्तक घरी आणा, पोपटाच्या पंखावर चांगलं भिंग धरा आणि डोळा जवळ न्या.

हिरवा गेला कुठे? पंखावर आता ठिपकेच ठिपके दिसताहेत. काही पिवळे, काही आकाशीकडे झुकणारे निळे. जिथे एक ठिपका दुसऱ्यावर चढला आहे तिथे तेवढ्यापुरता हिरवट डाग. बाकी पांढरा कागद. पान दूर धरा, पोपट पुन्हा हिरवागार!

हे पुस्तक छापताना हिरवी शाई कुणी वापरलेलीच नाही. सफरचंदासाठी लाल शाई नव्हती, वांग्यासाठी जांभळी नव्हती, गाजरासाठी नारिंगीही नव्हती. छापखान्यात ज्याला ‘फोर कलर’चं काम म्हणतात त्यात चारच शाया असतात: सायन, म्हणजे आकाशीसारखा निळा, मजेंटा, म्हणजे आपल्या राणी रंगाचा जवळचा नातेवाईक, पिवळा, आणि काळा. रंगांची नावं शिकवायला निघालेल्या पुस्तकात त्यातले दोनच रंग, पिवळा आणि काळा, खरोखर शाई म्हणून आलेले असतात. बाकीचे आपण पाहतो तेव्हा तयार होतात. मुलाच्या खडूंच्या पेटीत बारा रंग आणि त्याचं पुस्तक छापणाऱ्या कोट्यवधींच्या यंत्रात चार, ही काय गंमत आहे?

गंमत समजून घ्यायची तर एक समजूत आधी सोडायला हवी. शाई कागदाला रंग देते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शाई प्रकाश खाते. पांढरा कागद त्याच्यावर पडलेला जवळजवळ सगळा प्रकाश परत पाठवतो आणि त्या प्रकाशात लाल, हिरवा, निळा सगळेच असतात. पिवळी शाई यातला निळा खाते. सायन लाल खाते. मजेंटा हिरवा खाते. आता पिवळ्यावर सायन चढवा. निळा गेला, लाल गेला, उरलं काय? हिरवा. पोपटाचा हिरवा रंग ही उरलेली बाकी आहे. मजेंटावर पिवळा चढवा: हिरवा गेला, निळा गेला, सफरचंद लाल झालं. सायन आणि मजेंटा एकत्र आणा, वांगं पिकलं. (वांगं पिकलेलं चांगलं नसतं, पण चित्रात चालतं.)

लिओ लिओनी या चित्रकाराने १९५९ साली एक बालपुस्तक केलं. त्यात निळा तुकडा आणि पिवळा तुकडा जिवलग मित्र आहेत. ते एकमेकांना मिठी मारतात आणि हिरवे होतात. घरी गेल्यावर आईवडील त्यांना ओळखतच नाहीत. आगगाडीच्या प्रवासात कंटाळलेल्या नातवंडांना गप्प बसवायला त्याने मासिकाचे कागद फाडून ही गोष्ट सांगितली होती. आजोबांनी नातवंडांना छपाईचं मूळ तत्त्वच सांगून टाकलं!

मग तिन्ही शाया एकावर एक घातल्या तर? सगळाच प्रकाश खाल्ला जाईल आणि काळा मिळेल. हिशेबाने मिळायला हवा. पण खऱ्या शाया इतक्या चोख नसतात, मिळतो तो चिखलासारखा तपकिरी. म्हणून चौथी काळी शाई. तिचं दुसरं आणि माझ्या मते अधिक मोठं काम अक्षरांचं आहे. नुकतं वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी ‘पोपट’ हा शब्द तीन शायांनी छापला आणि त्या केसभर जरी सरकल्या, तर शिरोरेषेला निळी-गुलाबी झालर लागणार. ज्याला अजून ‘प’ आणि ‘ष’ यांतला फरक पक्का झालेला नाही त्याच्यापुढे असली झालर ठेवून कसं चालेल? काळं अक्षर एकाच शाईत छापलं की हा धोकाच उरत नाही.

आता ठिपक्यांकडे येऊ. ठिपके कशासाठी? छापखान्याच्या यंत्राला ‘थोडीशी शाई’ ही भाषा कळत नाही. चित्रकार रंगात पाणी घालून फिका हात मारू शकतो, यंत्र तसं करू शकत नाही. कागदाच्या एखाद्या जागी शाई पडते किंवा पडत नाही. मग पोपटाच्या पोटाकडचा फिका हिरवा आणायचा कसा? ठिपका लहान करायचा. मोठे ठिपके म्हणजे गडद, बारीक ठिपके म्हणजे फिका, मधला कागद आपलं पांढरेपण मिसळतो.

पोर्ट्रेट रांगोळी काढणारे कलाकार काय करतात आठवा. लालबाग-परळच्या शाळांच्या वर्गांत दिवाळीच्या सुमारास भरणारी रांगोळ्यांची प्रदर्शनं पाहिली असतील. जमिनीवरचा चेहरा फोटोसारखा जिवंत, गालावर उजेड, डोळ्यात ओल. कलाकार कोरडे रंग एकमेकांत मिसळतो, पण कोरड्या पुडीचे कण एकमेकांत विरघळत नाहीत. तांबडा कण तांबडाच राहतो, पांढरा पांढराच. दोरीच्या अलीकडे उभ्या असलेल्या आपल्या डोळ्याला ते कण वेगळे दिसत नाहीत आणि कातडीचा रंग तयार होतो. छापलेलं पान हेच करतं, फक्त कण फार शिस्तीत बसलेले असतात.

किती शिस्तीत? चांगल्या छपाईत एका इंचात ठिपक्यांच्या १५० ओळी असतात. म्हणजे एका चौरस इंचात एका शाईच्या २२,५०० जागा, चार शायांच्या मिळून ९०,०००. तीन इंच रुंद आणि चार इंच उंच पोपट घेतला तर ठिपक्यांच्या जागा दहा लाखांवर जातात. पोर त्या पोपटावर वरणभाताचं बोट ठेवतं तेव्हा त्या बोटाखाली काही हजार ठिपके असतात.

एवढ्यावर संपत नाही. चारही शायांचे ठिपके सरळ रांगांत एकावर एक ठेवले, तर कागदावर लाटांसारखी नकोशी जाळी उमटते. म्हणून प्रत्येक शाईच्या रांगा वेगळ्या कोनात वळवतात. काळ्याच्या ४५ अंशांवर, सायनच्या १५, मजेंटाच्या ७५, आणि पिवळ्याच्या शून्यावर. पिवळ्यालाच सरळ का ठेवलं? उभ्या-आडव्या रांगा आपल्या डोळ्याला पटकन दिसतात आणि पांढऱ्या कागदावर पिवळा सगळ्यात कमी दिसतो. जो लपू शकतो त्याला उघड्यावर बसवलं, बाकीच्यांना तिरकं केलं. हे कोन जुळले की भिंगाखाली ठिपक्यांची बारीक गुलाबफुलं दिसतात. रंगांच्या पुस्तकातल्या पोपटाच्या अंगावर शेकडो गुलाब असतात आणि ते आपल्याला कधी दिसू नयेत म्हणून छापणाऱ्याने सगळा खटाटोप केलेला असतो.

हे चार शायांचं शहाणपण यायच्या आधी काय होतं? त्यासाठी जुन्या मुंबईत जावं लागेल. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी तिथे आपला छापखाना सुरू केला, जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ आणून. तिथे दगडावरून छपाई व्हायची. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणीतला गुळगुळीत चुनखडी दगड घ्यायचा, त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि वर शाईचा रूळ फिरवायचा. तेल आणि पाणी यांचं जमत नाही, म्हणून शाई फक्त तेलकट रेघांना चिकटते. तत्त्व इतकं साधं. पण एका रंगाला एक दगड! साडीचा लाल, काठाचा सोनेरी, गालाचा गुलाबी, झाडाचा गडद हिरवा आणि फिका हिरवा, प्रत्येकाचा दगड निराळा. एका देवीसाठी डझनभर किंवा अधिक दगड लागायचे. कारागीर मूळ तैलचित्राकडे नुसत्या डोळ्याने पाहून ठरवायचा की या गालात पिवळा किती, तांबडा किती. आणि तेवढाच भाग त्या त्या दगडावर, तोही आरशातल्यासारखा उलटा काढायचा. मग तोच कागद एकेका दगडावरून पुन्हा पुन्हा जायचा आणि दर वेळी तंतोतंत त्याच जागी बसायला हवा. घराघरांतल्या भिंतींवर लक्ष्मी-सरस्वती आल्या त्या या कसरतीतून. काही वर्षांनी छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला.

त्या छापखान्यासाठी काही काळ काम केलेला एक मराठी माणूस होता. त्याने रतलामला जाऊन तीन रंगांचे ब्लॉक करायची विद्या शिकून घेतली होती. चित्राचे तीन फोटो काढायचे, तीन वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून. लाल काचेतून घेतलेल्या फोटोवरून निळा ब्लॉक, हिरव्या काचेतून लाल, निळ्या काचेतून पिवळा. या गालात पिवळा किती, हे आता कारागिराने ठरवायचं नाही, काच आणि कॅमेरा ठरवणार. डझनभर दगडांच्या जागी तीन ब्लॉक! त्याने आधी लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला, तो दादरला आला, त्याचं नाव झालं ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’. १९०९ साली रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी तो जर्मनीला जाऊन आला. भागीदारांशी पटेना म्हणून त्याने छापखाना सोडला आणि १९११ साली गिरगावात तंबूतला सिनेमा पाहिला. त्याचं नाव धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके. दादरमध्ये तयार झालेला त्याचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. रंगाची फोड करण्यात देशातल्या मोजक्या लोकांपैकी एक असलेला हा माणूस आपल्याला आठवतो तो काळ्या-पांढऱ्या चित्रांसाठी. छपाईच्या इतिहासाने दादासाहेबांवर हक्क सांगायला हवा होता. सिनेमावाल्यांनी तो आधीच सांगून टाकला.

मुलाच्या खडूंच्या पेटीचा धागाही याच वस्तीत येऊन मिळतो. कॅम्लिनची सुरुवात १९३१ साली गिरगावातच झाली, दांडेकर बंधूंच्या शाईच्या पुडीपासून. खडूची पेटी अजून रविवर्म्याच्या पद्धतीने चालते, प्रत्येक रंगाची स्वतंत्र कांडी. म्हणूनच मूल पुस्तकातला पोपट बघून शेजारी खडूने पोपट रंगवतं तेव्हा दोन हिरवे सहसा जुळत नाहीत. एकात हिरवं रंगद्रव्य आहे, दुसऱ्यात बाकी उरलेला प्रकाश.

चार शायांना सगळं जमतं असंही समजू नका. दादरच्या फुलमार्केटात दसऱ्याच्या आदल्या पहाटे झेंडूचे ढीग पाहिलेत ना? तो धगधगीत नारिंगी पुस्तकात कधी उतरत नाही. मजेंटा आणि पिवळा मिळून नारिंगी होतो, पण मजेंटा शाई चोख नसते. जो प्रकाश सोडायला हवा त्यातलाही थोडा ती खाते आणि झेंडू मंदावतो. परळ-लालबागच्या गणपतीच्या कारखान्यांत सोवळ्याला आणि फेट्याला जो झगझगीत फ्लुरोसंट गुलाबी लावतात तो तर या चार शायांनी छापणं अशक्यच. तो रंग आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश गिळतो आणि दिसणाऱ्या गुलाबी प्रकाशात परत देतो. साध्या गुलाबी पृष्ठभागावर जेवढा गुलाबी प्रकाश पडतो त्याहून जास्त तिथून बाहेर येतो! चार शाया फक्त खाऊ जाणतात, पदरचं घालणं त्यांना ठाऊक नाही. प्रकाशकाला तो गुलाबी हवाच असेल तर पाचवी खास शाई विकत घ्यावी लागते, पाचवी प्लेट करावी लागते, आणि पुस्तकाची किंमत वाढते.

आता खऱ्या पोपटाकडे जाऊ. कागदावरच्या पोपटात हिरवी शाई नाही, ठीक. पण शिवाजी पार्कच्या झाडांवर किरकिरणारे खरे पोपट? त्यांच्या पिसांत तरी हिरवा रंग असेल ना?

नाही! पोपटाच्या पिसात हिरवं रंगद्रव्यच नसतं. पिसाच्या आत स्पंजासारखी अतिसूक्ष्म रचना असते आणि नुसत्या त्या रचनेमुळे निळा प्रकाश परत फिरतो. तिथे निळा रंगही नाही, फक्त आकार. या निळ्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा थर असतो. निळा आणि पिवळा मिळून हिरवा! छापखान्यात चार शायांचं काम सुरू व्हायच्या लाखो वर्षं आधी पोपटाने जवळपास तोच हिशेब मांडला होता. पटत नसेल तर पाळीव पक्ष्यांच्या दुकानात निळे लव्हबर्ड पाहा. तेही पोपटाच्याच जातकुळीतले. त्यांच्यात ते पिवळं द्रव्य तयार होत नाही, आणि पिवळा गेला की उरतो निळा. पुढच्या पानावरचा निळा मोर तर याहून वस्ताद. त्याच्या पिसातलं रंगद्रव्य मुळात गडद तपकिरी असतं, आणि तो निळा सगळा रचनेचा. पुस्तकात चितारलेल्यांपैकी प्रत्यक्षात हिरव्या रंगद्रव्याने हिरवं असलेलं काही असेल तर पोपटाच्या पायाखालचं पान. तिथे हरितद्रव्य आहे.

इथवर रंग पानावर आणि पिसावर होता. आता तो पोराच्या डोक्यात जातो, आणि तिथे काय घडतं?

चार-पाच महिन्यांचं बाळ रंग छान ओळखतं. डोळ्यात शंकूसारख्या पेशींचे तीन प्रकार असतात, तीन वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या प्रकाशाला जागे होणारे, आणि ते तोवर कामाला लागलेले असतात. पण नावं? मूल ‘गाडी’, ‘भूभू’, ‘पाणी’ म्हणायला लागून वर्ष उलटतं तरी लाल दाखवला की ‘निळा’ म्हणतं. आईबाबा घाबरतात. घाबरणाऱ्यांत चार्ल्स डार्विनही होता. आपल्या मुलांना रंगांची नावं शिकवताना त्याला इतका त्रास झाला की ती रंगांधळी असावीत अशी शंका त्याला आली. १८७७ साली त्याने हे लिहून ठेवलं आहे. मुलं ठणठणीत होती.

अडचण अशी की ‘गाडी’ हाताने धरता येते, ‘लाल’ धरता येत नाही. लाल कधी गाडीला चिकटलेला, कधी टोमॅटोला, कधी बेस्टच्या बसला. पोराने वस्तू सोडून तेवढा रंग सोलून काढायचा. २०१०च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन वर्षांच्या मुलांवर प्रयोग करून दाखवलं की वस्तूचं नाव आधी आणि रंग नंतर सांगितला तर मुलं लवकर शिकतात. ‘लाल फुगा’ यापेक्षा ‘फुगा लाल आहे’. आधी फुग्यावर नजर स्थिर होते, मग त्या फुग्याचं काय, याकडे लक्ष जातं. मराठी पुस्तकांच्या लेखकांना हे फुकटात मिळालेलं आहे, कारण ‘पोपट कसा? हिरवा’ अशी प्रश्नोत्तरं आपण घराघरांत खेळतोच.

मराठी पोराला मात्र एक जादा कोडं सोडवावं लागतं. पोपट हिरवा, मिरची हिरवी, पान हिरवं. रंग तोच, शेपूट दर वेळी वेगळं! लाल मात्र अढळ: फुगा लाल, बस लाल, फूल लाल. गुलाबी, केशरी, पोपटीही तसेच. म्हणून मला वाटतं की मराठीतलं रंगांचं पहिलं पुस्तक लालपासून सुरू करणाऱ्यांचं बरोबर आहे. इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर करताना सगळीकडे ‘हिरवा’ छापून मोकळे होणारे प्रकाशक मुलाचं काम विनाकारण अवघड करतात. एकाच पानावर हिरवा पोपट, हिरवी मिरची आणि हिरवं पान शेजारीशेजारी बसवा. तीन वर्षांचं पोर शेपटांचा हिशेब स्वतः लावतं, कुणी व्याकरण शिकवावं लागत नाही.

आणि एकदा ते वाचायला शिकलं की माघार नाही. कागदावर लाल स्केचपेनने ‘निळा’ असा शब्द लिहा आणि तिसरी-चौथीतल्या मुलाला विचारा, शाई कुठल्या रंगाची? ते अडखळेल. तुम्हीही अडखळाल. जॉन रिडली स्ट्रूप या मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली हे दाखवून दिलं. शब्द वाचायचा नाही असं कितीही ठरवलं तरी तो आपोआप वाचला जातो. बालवाडीतलं पोर, ज्याला अक्षरं येत नाहीत, बेधडक ‘लाल’ म्हणून मोकळं होतं. रंगाच्या बाबतीत मोठ्यांवर मात करायची संधी त्याला थोडीच वर्षं असते.

काही मुलं मात्र हे पुस्तक कितीही वाचलं तरी लाल-हिरव्यात चुकत राहतात. डोळ्यातल्या तीन प्रकारच्या पेशींपैकी एक प्रकार त्यांच्यात नीट काम करत नाही. ज्या गुणसूत्रावर याची जनुकं असतात ते मुलींत दोन आणि मुलांत एकच असतं, म्हणून मुलग्यांमध्ये हे कितीतरी जास्त आढळतं. त्यांची तपासणी होते तीही एका रंगीत पुस्तकावर. टोकियोच्या शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली ते प्रसिद्ध केलं. पानभर रंगीत ठिपके आणि ठिपक्यांत लपलेला आकडा. ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्याच्यासाठी शेवटी वेगळी पानं असतात: ठिपक्यांतून जाणारी वळणावळणाची वाट, ती बोटाने गिरवायची. अजून वाचता न येणाऱ्या मुलांचीही इशिहारांनी सोय केली होती.

तेव्हा बालवाडीतल्या बाईंनो आणि घरच्या आजी-आजोबांनो, बाकी सगळं झटकन शिकणारा मुलगा पाच वर्षांचा झाला तरी पोपट लाल म्हणत असेल, तर त्याला आळशी ठरवू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ही तपासणी पाच-दहा मिनिटांत होते.